भार किती, यापेक्षा भार कोठे?

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदूपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेत त्याचे हेलकावे जाणवले. गडचिरोली आणि चंद्रपूर या मराठी जिल्ह्यांतही लोक घराबाहेर आले. सुदैवाने मोठी हानी झाली नाही आणि चार दिवसांत विषय मागे पडला. मागे उरले ते हैदराबादेत दर धक्क्यानंतर ऐकू येणारे एकच वाक्य: आपले शहर सुरक्षित पट्ट्यात आहे. या वाक्यात तथ्यांश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या शहरात मजल्यावर मजले चढत आहेत, त्याने या एका वाक्याच्या उशीवर डोके ठेवून निजावे काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. तो विचारताना किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणासही अंग चोरता येणार नाही. हैदराबादेत घरे जशी बांधली जातात, तशीच ती आता पणजी, म्हापसा आणि मडगाव येथेही बांधली जातात.

हैदराबादची भूमी मुळात कणखर. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटवर हे शहर वसले आहे. गोवळकोंड्याकडे जाताना किंवा विद्यापीठाच्या आवारात एकावर एक रचल्यासारखे दिसणारे प्रचंड खडक पाहून परगावचा मनुष्य थबकतो. हा धोंडा अद्याप गडगडला कसा नाही, असे त्याला वाटते. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ जेम्स ब्रून यांनी अशा तोललेल्या खडकांचा शास्त्रीय उपयोग दाखवून दिला. ज्या प्रदेशात असे खडक हजारो वर्षे उभे आहेत, तेथे त्या काळात त्यांना पाडण्याइतका जबर हादरा बसलेला नाही, हा त्यांचा युक्तिवाद. हैदराबादचे खडक म्हणजे त्या भूमीच्या बाजूने साक्ष देणारे साक्षीदारच होत. मात्र ही साक्ष जमिनीविषयी आहे, तिच्यावर माणसाने उभारलेल्या घरांविषयी नाही. खडकाचा तोल निसर्गाने युगानुयुगे पारखून घेतला; ज्यांचा भार तळाच्या बाहेर गेला ते केव्हाच खाली आले. आपल्या इमारतींची अशी पारख कोणी केली आहे?

शिवाय 'सुरक्षित पट्टा' या शब्दाचा इतिहास मराठी माणसास तरी माहीत असावयास हवा. कोयनेचा परिसर १९६६ च्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. किल्लारीही त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्याच विभागात होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे गाढ झोपेत असताना, सव्वासहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगामातीखाली गाडली गेली. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. खुद्द तेलंगणातही १९६९ साली भद्राचलमला आणि १९८३ साली हैदराबादच्या सीमेवरील मेडचलला भूकंप झाले आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये बोराबंडा वस्तीत जमिनीतून आवाज येऊ लागले, सौम्य धक्के बसले, आणि शहरातील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला तेथे उपकरणे बसवावी लागली. २००२ साली नकाशा सुधारला गेला तेव्हा सर्वांत खालचा पहिला विभागच रद्द करून दुसऱ्यात विलीन करण्यात आला. भूकंप होऊच शकत नाही अशी जागा या देशात नाही, याची ती कबुलीच होती.

तेव्हा जमीन हलेल हे गृहीत धरून विचार केला पाहिजे. जमीन हलते तेव्हा इमारतीवर जे बल येते ते बाहेरून कोणी ढकलल्याने येत नाही. उभ्या असलेल्या बसने एकाएकी झटका दिला की उभा प्रवासी मागे कोलमडतो. त्याचे पाय बसबरोबर जातात, धड जागीच राहू पाहते. इमारतीचेही असेच घडते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे वजन जागीच राहू पाहते, आणि या ओढाताणीचा सारा ताण मधल्या खांबांवर पडतो. वजन जितके अधिक, तितकी ही ओढ अधिक. म्हणून वाऱ्याला तोंड देताना जडपणा उपयोगी पडतो, परंतु भूकंपात तोच जडपणा वैरी होतो. मात्र किती वजन आहे इतक्यानेच निकाल लागत नाही. ते कोणत्या उंचीवर आहे आणि कोणत्या बाजूला आहे, यावर इमारतीचे भवितव्य ठरते. गलबतात जड माल तळाशी आणि हलका वर भरतात, दोन्ही अंगांना सारखा भरतात, हे किनाऱ्यावरच्या पोरासही सांगावे लागत नाही. घर बांधताना मात्र हे शहाणपण आपण विसरतो.

उंचीचा प्रश्न आधी घेऊ. कोणत्या मजल्यावर भूकंपाचे किती बल धरावयाचे हे ठरविण्याची जी सोपी रीत भारतीय मानकात सांगितली आहे, तिच्यात मजल्याचे वजन आणि त्याच्या उंचीचा वर्ग यांचा गुणाकार घेतला जातो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, मजले सारख्या उंचीचे असतील तर पहिल्या मजल्याच्या उंचीवर ठेवलेल्या वजनाच्या वाट्याला जे बल येते, त्याच्या पंचवीसपट बल पाचव्या मजल्याच्या उंचीवर ठेवलेल्या तेवढ्याच वजनाच्या वाट्याला येते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई आणि तीच घागर कमरेवर घेणारी बाई यांच्यातील फरक येथे गणिताच्या भाषेत मांडला आहे, एवढेच.

किल्लारीच्या घरांनी हे गणित प्राणांच्या मोलाने सिद्ध केले. मराठवाड्यातील माळवदाचे घर उन्हाळ्यात थंड राहते. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर मातीचा थर; पाऊस गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर आणखी माती. कित्येक घरांत हा थर अर्ध्या मीटरपर्यंत गेला होता. इतकी माती म्हणजे दर चौरस मीटरला आठशे ते नऊशे किलो. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीच्या डोक्यावर सुमारे नऊ टन. आणि हे ओझे पेलणाऱ्या भिंती गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या, दोन्ही पदर एकमेकांत न गुंफलेल्या. पहिल्या हिसक्यासरशी भिंतीचे पदर सुटले आणि वरची माती निजलेल्या माणसांवर आली. त्याच गावांत हलक्या छपराच्या गरीब झोपड्या टिकल्या. दारिद्र्याने ज्यांना माळवद नाकारले त्यांना जगविले, असा हा विषण्ण करणारा हिशेब आहे. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरी हेच घडले. वादळात छप्पर उडू नये म्हणून जड कौलांनी शाकारलेली जुनी लाकडी घरे भूकंपात प्रचंड संख्येने बसली.

कोयनेच्या धरणाचा दाखलाही याच विषयातला आहे, जरी ते घर नव्हे. १०३ मीटर उंचीच्या या धरणाच्या मागील अंगाचा उतार पायापासून सुमारे ६६ मीटरांवर एकाएकी बदलतो. वरचा भाग नेहमीच्या धरणाच्या मानाने भरीव, आणि जेथे जाडी झपाट्याने बदलते ती जागा जणू मानेसारखी. १९६७ च्या भूकंपात आडव्या भेगा पडल्या त्या नेमक्या या मानेच्या आसपास. धरण तगले, पुढे मागील बाजूने जाड आधारभिंती देऊन ते बळकट करण्यात आले. परंतु आकार आणि वजन जेथे एकाएकी बदलते तेथेच भूकंप बोट ठेवतो, हा धडा त्या भेगांनी कायमचा कोरून ठेवला.

आता हा धडा घेऊन हैदराबादच्या गल्लीत उभे राहावे. या शहरातील अनेक वस्त्यांना नळाचे पाणी एक दिवसाआड मिळत आले आहे. त्यामुळे घरोघर तळाशी हौद आणि गच्चीवर टाक्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस हजार लिटरचा साठा म्हणजे वीस टन, मालाने भरलेल्या मालमोटारीइतके वजन, तेही इमारतीच्या माथ्यावर आणि बहुधा जिन्यापाशी एका कोपऱ्यात. त्याशेजारी दूरध्वनी कंपनीचा मनोरा, त्याच्या विजेऱ्या, जाहिरातीचा फलक, हौसेची बाग. पुढे मालक गच्चीवर दोन खोल्या चढवितो आणि त्यांस 'पेंटहाऊस' असे भारदस्त नाव देतो. नऊ इंची विटांची, तीन मीटर उंचीची भिंत दर मीटर लांबीला सव्वा टनाच्या आसपास भरते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. खांब मात्र पूर्वीच्याच हिशेबाचे असतात.

वजन वाढण्याचा दुसरा मार्ग तर डोळ्यांना दिसतही नाही. घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आराखडा केला जातो. ग्रंथालयाच्या पुस्तकसाठ्याच्या खोलीसाठी तो किमान सहाशे किलो धरावा लागतो. म्हणजे राहण्याच्या इमारतीतील एक मजला पुस्तकांचे, कापडाचे वा औषधांचे कोठार झाला, की भिंतीची एक वीट न हलविता त्या मजल्याचा हिशेब चुकतो. मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने तर, एखाद्या मजल्याचे वजन खालच्या मजल्याच्या दीडपटीहून अधिक झाले तर ती इमारत वजनाने विषम मानावी आणि तिचा निराळा, काटेकोर अभ्यास करावा, असे म्हटले. त्यापूर्वी २००२ च्या आवृत्तीत ही मर्यादा दुप्पट होती. अनुभवाने ती खाली आणावी लागली.

बाजूचा प्रश्न याहून कपटी आहे. इमारतीच्या वजनाचे एक केंद्र असते, आणि तिला ताठ धरणाऱ्या खांब-भिंतींच्या ताठरपणाचे दुसरे. ही दोन केंद्रे एकमेकांवर आली तर इमारत सरळ पुढेमागे झुलते. ती दूर गेली तर इमारत झुलता झुलता पिळवटते. कावडीच्या एका टोकाला भरलेली घागर आणि दुसऱ्या टोकाला रिकामी असली म्हणजे खांद्यावर कावड जशी गिरकी घेते, तशीच ही गिरकी. रस्त्याकडील बाजू दुकानांच्या शटरांसाठी मोकळी, मागील बाजूस सलग भिंती, उद्वाहकाचे काँक्रीटचे कोठार एका कोपऱ्यात आणि पाण्याची टाकी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. अशा इमारतीत मोकळ्या बाजूच्या खांबांना इतरांहून कितीतरी अधिक सरकावे लागते आणि तेच आधी मोडतात. मेक्सिको नगरीत १९ सप्टेंबर १९८५ रोजी ज्या इमारती पडल्या त्यांत चौकातल्या कोपऱ्यावरच्या इमारतींचा भरणा मोठा होता. दोन बाजूंना काच आणि दोन बाजूंना भिंत, हेच त्यांचे दुखणे. ज्युबिली हिल्स वा बंजारा हिल्सच्या उतारावरील घरांतही हाच दोष निराळ्या वेषात येतो. वरच्या अंगाचे खांब आखूड, खालच्या अंगाचे लांब. आखूड खांब ताठ म्हणून सारा मार तेच खातात. चारमिनार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १५९१ साली उभारलेल्या या वास्तूचा तळ चौकोनी, चारी बाजू सारख्या, चार कोपऱ्यांना चार सारखे मिनार. तिच्या दगड-चुन्यात लोखंडाची सळई नाही, ही तिची मर्यादा खरी. परंतु भाराची समता म्हणजे काय, हे शिकविण्यास तिच्याइतका सोपा नमुना त्या शहरात दुसरा नाही.

या दोन्ही दोषांवर कडी करणारा तिसरा दोष म्हणजे वाहनतळासाठी मोकळा सोडलेला तळमजला. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंतींचे जडशीळ कप्पे, खाली नुसते खांब. वजनाचा सारा पेटारा काठ्यांवर ठेवल्यासारखा. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप कच्छात झाला, परंतु सव्वादोनशे किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत अशा शंभराहून अधिक इमारती पडल्या आणि शहरात सातशेहून अधिक माणसे मेली. मुलुगू ते हैदराबाद हे अंतर याहून फारसे निराळे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तीव्रता निराळी होती, इतकेच. त्या आपत्तीनंतर २००२ च्या मानकाने असा तळमजला ठेवावयाचा तर तेथील खांब हिशेबाच्या अडीचपट बलासाठी घडवावेत, असा दंडक घातला. त्यापूर्वी उभ्या राहिलेल्या असंख्य इमारतींना मात्र तो लागू झाला नाही, आणि त्या आजही तशाच उभ्या आहेत.

प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा असता तर क्षम्य होता. परंतु हैदराबादेत १९६१ पासून भूभौतिकी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. कोयनेच्या भूकंपांचा जगभर गाजलेला अभ्यास हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच बसून केला. तेथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. ज्ञानाची गंगा दारातून वाहत असताना नगर-प्रशासनाने काय केले? २००६ साली चटई क्षेत्राची कमाल मर्यादा काढून टाकली. अनधिकृत मजले दंड घेऊन कायम करण्याची योजना २००७ अखेरीस आली, २०१५ साली नव्या नावाने पुन्हा आली, आणि अखेर तिला न्यायालयात अडकावे लागले. उंच बांधण्यास आमचा विरोध नाही. नीट आखलेली चाळीस मजली इमारत बेजबाबदारपणे चढविलेल्या पाच मजल्यांहून सुरक्षित असू शकते. आमचा आक्षेप आहे तो दंडाच्या पावतीवर. पावतीने कागद नियमित होतो. खांबावरचा भार एका किलोनेही कमी होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गच्चीबावलीच्या सिद्दीकनगरात शेजारच्या खोदकामामुळे एका अरुंद भूखंडावरील बहुमजली इमारत कलली आणि ती पाडावी लागली. तेथे भूकंप नव्हता. भूकंपाविनाच जी घरे तोल गमावतात, ती भूकंपात काय करतील?

आणि आपण? २००२ च्या नकाशाने हैदराबादला दुसऱ्या विभागात ठेवले, तर गोव्याला तिसऱ्या, म्हणजे त्याहून अधिक धोक्याच्या विभागात. आपल्या आज्या-पणज्यांची चिऱ्याची बैठी घरे आणि त्यांवरील मंगळुरी कौले यांची जागा मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींनी केव्हाच घेतली. टेकड्या कापून उतारावर वसाहती झाल्या. दंड भरून बांधकामे कायम करण्याचा कायदा आपणही २०१६ साली केला. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक मजूर दगावले, तेव्हा धरणी हलली नव्हती. मंगेशीच्या देवळापुढची सात मजली दीपमाळ आपण दर जत्रेला पाहतो. ती खाली रुंद, वर निमुळती. जसजशी उंच जाते तसतसा तिचा भार कमी होत जातो. ज्या गवंड्यांनी ती उभारली त्यांच्यापाशी मानकाचे पुस्तक नव्हते. आपल्यापाशी ते आहे, आणि आपण मात्र पायाशी पोकळी व माथ्यावर ओझे अशी उलटी दीपमाळ बांधीत आहो.

उपाय अवघड नाहीत, आणि आराखड्याच्या वेळीच केले तर फार खर्चाचेही नाहीत. पाण्याचा मोठा साठा जमिनीखाली ठेवावा. गच्चीवर दिवसापुरते पाणी, तेही एका कोपऱ्यात न कोंडता मध्याच्या दोन्ही अंगांना विभागून. आतील आडभिंती हलक्या ठोकळ्यांच्या घ्याव्यात. जुन्या इमारतींच्या मोकळ्या तळमजल्यात चारी बाजूंना तोल राखून काही भिंती भराव्यात. दोन-चार मोटारींची जागा जाईल, वरच्या बिऱ्हाडांचा जीव वाचेल. परंतु एकट्या नागरिकाच्या शहाणपणावर हा विषय सोडता येणार नाही. नगरपालिकांनी इमारतीच्या परवान्याबरोबर प्रत्येक मजल्याच्या वजनाचा तक्ता घ्यावा आणि त्याची प्रत जिन्यापाशी लावणे सक्तीचे करावे. मजल्याचा वापर बदलला, टाकी वाढली, मनोरा बसला, की त्या तक्त्याची फेरतपासणी झाली पाहिजे. अनधिकृत मजला कायम करावयाचाच असेल तर स्थापत्य अभियंत्याने खांब तपासून सही केल्यावाचून दंडाची पावती फाडू नये. आणि या साऱ्याचा आरंभ शाळा, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या यांपासून व्हावा, कारण तेथे माणसे स्वतःच्या इच्छेने नव्हे, गरजेपोटी जमतात.

भूकंप केव्हा येईल हे कोणतेही शास्त्र आज सांगू शकत नाही. तो आल्यावर कोणती इमारत आधी मोडेल, हे मात्र पुष्कळ अंशी आजच सांगता येते. तिच्या गच्चीवर काय आहे, तिच्या तळाशी काय नाही आणि तिचा भार कोणत्या बाजूला झुकला आहे, हे पाहण्यास रस्त्यावर उभे राहणे पुरते. ज्या संकटाची तिथी अज्ञात पण स्थळ ज्ञात आहे, त्याला दैवी आपत्ती म्हणणे हे दैवावर अन्याय करणारे आहे. हैदराबादकरांनी आपल्या खडकांकडे आणि आपण आपल्या दीपमाळेकडे बोट दाखवून धन्यता मानण्याचे दिवस संपले. आता दोघांनीही मान वर करून आपापल्या गच्चीकडे पाहावे.